निळ्या कार्डाची मागची बाजू

कवडूला सायकल हवी होती. एवढंच मागणं, आणि त्यात वावगं काहीच नव्हतं. खुर्सीपारच्या झोपडीतून कारखान्याच्या फाटकापर्यंत रोज पायपीट करून त्याच्या टाचा पार फाटल्या होत्या. सायकल मिळायचा रस्ताही त्याला सापडला होता: भय्याजीच्या दुकानातलं उधारीचं निळं कार्ड.

दुकानात कार्डं दोन रंगांची. पांढऱ्यावर महिन्याचा किराणा मिळे, निळ्यावर सायकल, शिलाई मशीन, मागाल ते. पण खरं सांगू? कवडूचा जीव जडला होता तो रंगावर. कारखान्यात कायम झालेल्यांचा पास निळा आणि ठेकेदाराच्या माणसांचा पांढरा. तीन वर्षं पांढरा पास घेऊन फिरलेल्या माणसाला निळा रंग दिसला, की दुसरं काही दिसतच नाही.

"मांगं काय लिवलं हाय ते तं वाचून घ्या," त्याची बायको कमला म्हणाली. तिला सातवा महिना होता.

"वाचाचं काय त्यात? निळं ते निळंच!"

"मंग मले कावून भेव लागून राहिलं?"

तिनं शेवटी शेजारच्या देवीदासभाऊंना कवडूसोबत जायची गळ घातली. ते रेल्वेत रूळ बदलणारे पॉइंट्समन होते, वस्तीतल्या विहारात मोठ्या माणसांना अक्षरं शिकवायचे. पगाराच्या दिवशी पहिली पाळी सुटल्यावर कवडू आणि देवीदासभाऊ निघाले. कवडू वाटभर सायकलीच्या घंटीबद्दलच बोलत होता.

बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आणि दुकानात शिरताच मिट्ट अंधार. नजर सरावली तेव्हा कवडूला दिसलं, आत वीस-पंचवीस माणसं उभी होती. पगाराचा दिवस, तरी ना हसणं, ना चेष्टा. सगळे आपापल्या पायांकडे पाहत होते.

भय्याजीनं कवडूचा अंगठा शाईत बुडवून घेतला. "थांब जरा," तो म्हणाला, "पहिले निळ्यावाल्यायची हाजरी होऊन जाऊ दे."

एकेक नाव पुकारलं जाई, माणूस "हाजर" म्हणे, पुढे होऊन पैसे ठेवी.

"तेजराम!"

कवडूच्या अंगावर सर्रकन काटा आला. तेजराम? आषाढात भट्टीच्या मचाणावरून पडला तो? अहो, त्याला खांदा देणाऱ्या चौघांत कवडू स्वतः होता!

"हाजर," मागच्या अंधारातून घोगरा आवाज आला.

कोणी वळून पाहिलं नाही. कोणी म्हणजे कोणीच नाही! माणसं नुसती बाजूला सरली, आणि मधून खाकी शर्ट पुढे आला. तेजरामचाच शर्ट, कोपरावरच्या ठिगळासकट. मग बाहीतून हात बाहेर आला आणि तो हात बाईचा होता. ती तेजरामची विधवा भागीरथा होती.

"वहिनी! तुमी कावून हाजर म्हनता?"

"कार्डावर त्याइचं नाव हाय, भाऊ. मंग त्याच नावानं बोला लागते. हा शर्ट घातला का आवाज आपोआप निघते." ती त्याच्याकडे पाहत होती, पण नजर कुठंतरी भलतीकडेच होती. "पाच महिने झाले. आता कोनी भागीरथा म्हनून हाक मारली, तं मले वळाचंबी सुचत नाई."

"आदमी गेला, कार्ड थोडंच गेलं?" भय्याजी अगदी मऊ आवाजात म्हणाला. "चाल कवडू, लाव अंगठा."

कवडूनं शाईनं माखलेला अंगठा पाहिला. त्याच्या डोळ्यांपुढे कमला उभी राहिली, त्याचाच शर्ट पोटावर ताणून घातलेली, "हाजर" म्हणणारी. त्यानं झटक्यात हात मागे घेतला!

देवीदासभाऊंनी चष्मा चढवला आणि कवडूचं कार्ड घेऊन दारातल्या उजेडात गेले.

"कवडू, गाडी सोडाच्या पहिले मी रूळ कोनीकडे जाते ते पाहातो. एकडाव गाडी गेली, का मंग माह्या हातात काई राह्यत नाई. आइक आता." ते मोठ्यानं वाचू लागले. "पयला महिना बिनव्याजी. मंग रुपयामागं महिन्याले दोन आने. हप्ता चुकला तं दंड, अन् दंडावरबी व्याज."

मग त्यांनी बोट पुढच्या ओळीवर सरकवलं.

"धारक मेला तं पैसे वारसाकडून घेनार. पन..." ते थांबले. "पन कार्ड घेताना वारसानंबी अंगठा देल्ला असन तरच! भय्याजी, तेजरामचं कार्ड दाखवा."

भय्याजी चुळबुळला. पण आता सगळ्या माना वर झाल्या होत्या, त्याला कार्ड काढावंच लागलं. त्यावर अंगठा एकच होता.

"भागीरथाबाई, हा तुमचा हाय का?"

"नाई. तवा मी या दुकानाची पायरीबी चढली नोयती."

पाच महिने! पाच महिने ती बाई मेलेल्या नवऱ्याच्या नावानं उभी राहिली, आणि तिची सुटका त्याच कागदावर छापलेली होती!

भागीरथानं शर्टाची बटणं एकेक करून सोडली. "मी भागीरथा," ती म्हणाली, आधी हळू, मग सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "तेजराम मेला!" आणि ती मोठ्यानं रडली. मौतीच्या दिवशीही ती अशी रडली नव्हती.

कवडूनं पांढरं कार्ड मागितलं, देवीदासभाऊंकडून दोन्ही बाजू दोनदा वाचून घेतल्या आणि मगच अंगठा लावला. सायकल पैसे साठवून घेऊ, असं ठरवून तो पायीच घरी गेला.

मंडळी, कार्ड कसलंही असो, रंगाला भुलून हात पुढे करू नका. व्याज कधीपासून, दंड किती, आपल्या माघारी पैसे कोणाकडून घेणार, हे आधी विचारा आणि मग निवडा. वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला सोबत न्या, त्यात कसली आली लाज? भागीरथा नंतर रोज संध्याकाळी विहारात अक्षरं गिरवायला येऊ लागली. तिनं पहिल्यांदा लिहिलं ते स्वतःचं नाव.