हसऱ्या वाघाच्या पाठीवरची चेन

मी दोस्तू बोलतोय. होय, तोच. यवतमाळच्या बसस्थानकाच्या भिंतीवर, पुसदच्या चौकात, बाभुळगावच्या शाळेच्या फाटकावर रंगवलेला केशरी वाघ. पंजे पसरलेले, तोंड कानापर्यंत हसरं आणि खाली लिहिलेलं, ‘या, खेळूया!’

पण मी भिंतीवरचं चित्र नाही. मी अंगात घालायचा वाघ आहे, फोमचा आणि मऊ कापडाचा. सध्या नेरमधल्या एका सीट-कव्हरच्या दुकानात खुंटीला टांगलेला आहे. खरं तर मला बोलायची परवानगी नाही. शुभंकराने बोलायचं नाही, असा नियमच आहे. पण मी जे पाहिलं त्याचा धक्का अजून ओसरलेला नाही, आणि ते आत ठेवून नुसतं टांगून राहणं मला जमत नाही.

लवकरच आपल्या देशात जागतिक मैत्री क्रीडा महोत्सव भरणार आहे. कितीतरी देश, कितीतरी खेळ. त्याची तयारी म्हणजे मैदानं, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटायचं. पण मैदानांच्या आधी रंग ठरले. मग चिन्ह ठरलं, गाणं ठरलं, जाकिटं ठरली, दुभाजकांना कोणत्या रंगाचे पट्टे मारायचे ते ठरलं. खेळाडू निवडले जाण्याच्या किती तरी आधी माझं हसू निवडलं गेलं होतं. दूरच्या मोठ्या शहरात, थंडगार खोलीत, पडद्यावर चार-पाच हसू दाखवली गेली आणि त्यातलं एक पसंत झालं.

मग ठरलं की जिल्ह्याजिल्ह्यांतून महोत्सवाचा रथ फिरेल आणि प्रत्येक रथावर एक दोस्तू नाचेल. यवतमाळ जिल्ह्याच्या वाट्याला मी आलो.

मला शिवलं युनूसभाईंनी. मोटारसायकलची सीटं आणि जीपचे हुड शिवणारा माणूस. महोत्सवाच्या जाहिरात कंपनीने त्यांना माझ्या नमुन्याचं पुस्तक दिलं. पुस्तकात केशरी रंगाची नेमकी छटा होती, पट्ट्यांची रुंदी होती आणि हसण्याचा कोन होता. दात दाखवायचे नाहीत, असं ठळक अक्षरात होतं. युनूसभाईंनी ते पान बराच वेळ पाहिलं आणि पत्नीला विचारलं, “जुबैदा, शेर हसता है क्या?”

जुबैदाबी माझे कान भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “सरकारी शेर है जी. हसेगाच.”

दोघं खूप हसले. मीही हसत होतो, मला दुसरं काही येतच नव्हतं. माझं ते हसू जुबैदाबींनी लाल जाड धाग्याने टाचून दिलं. मधल्या फटीला काळी जाळी लावली, कारण आतल्या माणसाला तिथूनच बाहेरचं दिसणार होतं. पाठीला मानेपासून कमरेपर्यंत चेन. आतल्या माणसाचा हात तिथे पोचत नाही. ती दुसऱ्यानेच लावायची आणि दुसऱ्यानेच काढायची.

माझ्या आत आली अंजू. अंजू राठोड, यवतमाळला कॉलेजात शिकणारी, आठशे मीटर धावणारी. राज्याच्या निवडीत तिचा नंबर थोडक्यात हुकला होता. रथाबरोबर फिरणाऱ्या मुलांपैकी जो दोस्तू चांगला नाचेल त्याला उद्घाटनाच्या दिवशी मोठ्या स्टेडियममध्ये नेणार, असं जाहीर झालं होतं. अंजूला त्या स्टेडियमच्या लाल ट्रॅकवर पाय ठेवायचा होता. धावत नाही तर नाचत. बस, एवढंच तिला हवं होतं.

रथाचे प्रमुख होते संजय सर, जाहिरात कंपनीचे. माणूस वाईट नव्हता, सगळ्यांना पाणी विचारायचा. त्यांनी अंजूला विचारलं, उन्हात टिकशील का? अंधारात गुदमरणार नाहीस ना? मग दोन नियम सांगितले. लोकांसमोर दोस्तूचं डोकं काढायचं नाही. दोस्तूच्या आतून बोलायचं नाही. एकदा जरी चूक झाली तरी स्टेडियम विसरायचं.

तिने मान डोलावली. मला अंगात घालण्याआधी ती माझ्या पट्ट्यांवरून हात फिरवत कितीतरी वेळ उभी राहिली होती. मला वाटलं, मी तिला आवडलो.

आणि आम्ही गाजलो. दिग्रसला गाजलो, दारव्ह्याला गाजलो. पोरं माझ्या पोटाला मिठ्या मारायची, बायका शेजारी उभ्या राहून फोटो काढायच्या. एक आजोबा तर मला रामराम घालून गेले. आत अंजू घामाने भिजायची, पण पाय थांबायचे नाहीत. संजय सर म्हणायचे, स्टेडियमला तूच जाणार. मी फुगलो होतो. मला खरंच वाटत होतं की अख्खा जिल्हा माझी वाट पाहतोय.

त्या दिवशी आम्ही राळेगावकडे निघालो होतो. पुढे मुख्य रस्ता बंद. कारण काय, तर आमच्याच स्वागताची कमान उभी राहत होती. ड्रायव्हरने गाडी आतल्या रस्त्याला घातली. संजय सर म्हणाले, वाटेत एक तांडा आहे, तिथे शाळा आहे, एक कार्यक्रम तिथेही करून टाकू.

मला घालून अंजू मागच्या फळीवर बसली होती. चेन लावलेली, डोकं चढवलेलं. जाळीतून तिला तुरीची शेतं दिसली, मग एक पाण्याची टाकी दिसली, आणि तिचा श्वास बदलला. मला तो आतून जाणवला. तिने पंजा उचलून नको, नको असा हलवला. संजय सरांच्या हातात माईक होता. ते ओरडले, “बघा, दोस्तू किती खूश आहे!”

गाणं सुरू झालं. पोरं धावत आली. मी फळीवर उभा राहिलो, आणि पोरं जागच्या जागी थांबली. एवढ्या पोरांची अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. एका बाईने लेकरू उचललं आणि पाठ फिरवली. एका म्हातारीने घरातून थाळी आणली आणि ती पळीने वाजवू लागली. तिच्यामागे दुसरीने वाजवली, मग तिसरीने. त्या तांड्यात एका वर्षी वाघाला लांब ठेवायला बायकांना थाळ्या वाजवतच शेतात जावं लागलं होतं, हे मला पुढे कळलं. संजय सरांना वाटलं, गाण्याला साथ आहे. त्यांनी आवाज वाढवला.

मग एक माणूस पुढे आला. सडपातळ, डोक्याला पांढरा रुमाल. त्याने हात वर करून गाणं थांबवायला सांगितलं. त्याच्या चेहऱ्यात असं काही होतं की संजय सरांनी लगेच बटण दाबलं.

“साहेब, हा कापडाचा हाय, आमाले समजते,” तो म्हणाला. “आमी काही येडे नाही. पण हा हसून काहून राह्यला?”

संजय सर समजावू लागले. हा मैत्रीचा वाघ आहे, वाघ ही तुमच्या जिल्ह्याची शान आहे, जगभरातले लोक याला पाहणार आहेत. माणसाने सगळं ऐकून घेतलं. मग तो थेट माझ्यासमोर येऊन उभा राहिला. माझ्या तोंडात पाहत बोलला, म्हणजे जाळीत पाहत, म्हणजे अंजूच्या डोळ्यांत पाहत. पण त्याला ते माहीत नव्हतं.

“वाघावर माहा राग नाही. तो वाघ हाय, वाघावानी वागला. माही बायको कापूस येचत होती, थ्या बांधाजवळ. तवा तो हसत नव्हता. त्याले हसाले कोनं लावलं?”

माझा चेहरा माझ्या हातात नाही. तो माणूस हे बोलत असताना मी त्याच्या तोंडासमोर कानापर्यंत हसत होतो. मला तोंड मिटता येत नव्हतं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि मी लाजतोय हे दाखवायलाही माझ्याकडे ते हसूच होतं.

तेवढ्यात अंजूचे पंजे वर गेले. संजय सर ओरडले, “नाही, नाही, दोस्तू!” तिने माझं डोकं उचललं. ते तिच्या हातातून निसटून खाली दगडावर पडलं.

तो माणूस गुलाबसिंग होता. अंजूचा बाप. पोरगी खेळांच्या जाहिरातीत काम करते एवढंच तिने घरी सांगितलं होतं. आता त्याच्यासमोर वाघाचं धड होतं आणि त्यातून त्याच्या लेकीचं डोकं बाहेर आलेलं होतं. केस चिकटलेले, तोंड लालबुंद. थाळ्या कधी थांबल्या ते कोणाला कळलं नाही.

मग तो म्हणाला, अगदी हळू, “निंग बाहेर.”

“बापू, चेन मागं हाय,” ती म्हणाली. “मले काढता येत नाही.”

तो मागे आला. त्याचा हात माझ्या पाठीजवळ आला आणि थबकला. ज्या जनावराने त्याचं घर मोडलं त्याच्या पाठीला त्याला हात लावायचा होता. त्याने लावला. चेन मध्ये अडकली. त्याने ती थोडी वर घेतली, पुन्हा खाली ओढली, आणि लेकीला दोन्ही काखांत धरून माझ्यातून बाहेर काढलं. मी रिकामा होऊन फळीवर कोसळलो.

पुढचं मी पोत्यात बसून ऐकलं. कोणीतरी सगळं मोबाईलवर घेतलं होतं. ते पसरलं. कंपनीलाही धक्का बसला म्हणे. मला वाटलं, आता कोणीतरी तांड्यावर जाईल, त्या माणसाची माफी मागेल. धक्का कशाचा होता माहीत आहे? दोस्तूचं डोकं धडावेगळं दिसलं, त्याचा.

मला दुरुस्तीला युनूसभाईंकडे पाठवलं, कारण जबडा वाकला होता. सोबत फोनवर सूचना आली. ग्रामीण भागात वाघ थोडा उग्र वाटतोय, तेव्हा हसू आणखी मोठं करा. आतल्या माणसाला हवाही जास्त मिळेल.

आणि अंजूला सांगितलं, दोस्तूशेजारी उभी राहून मोबाईलसमोर दोन वाक्यं बोल. उन्हाने चक्कर आली म्हणून डोकं काढलं, दुसरं काही कारण नाही. एवढं बोललीस तर स्टेडियम अजून तुझंच.

ठरलेल्या दिवशी ती दुकानात आली. सोबत गुलाबसिंग, धुतलेला सदरा घालून. संजय सर यायचे होते. बाप-लेक गोरमाटीत, आपल्या बंजारा बोलीत, हळू बोलत होते, पण दुकान लहान, मला सगळं ऐकू येत होतं. तोच तिला समजावत होता. बोलून टाक, दोन वाक्यांनी तुझी आई काही दूर जात नाही, तुला ते मोठं मैदान बघायचं होतं ना. अंजू अधूनमधून माझ्याकडे पाहत होती.

संजय सर आले आणि माझ्याकडे पाहून थांबले. माझं हसू मोठं झालेलं नव्हतं. ते नव्हतंच. जुबैदाबींनी लाल धागा टोकापासून टोकापर्यंत उसवून काढला होता आणि ओठ सरळ रेषेत काळ्या धाग्याने बांधले होते. जाळी तेवढी ठेवली होती.

“हे काय?” संजय सरांनी विचारलं.

“धागा कच्चा निकला, साब,” जुबैदाबी म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. युनूसभाई एकाएकी सीट ठोकण्यात फार गुंतले.

संजय सरांनी कपाळ पुसलं आणि मोबाईल उभा धरला. अंजू माझ्या शेजारी उभी राहिली.

“माझं नाव अंजू गुलाबसिंग राठोड,” ती म्हणाली. “त्या दिवशी ऊन होतं. पण डोकं मी उन्हामुळे काढलं नाही. समोर माझे वडील होते. माझ्या आईचं नाव रुपीबाई. तिला त्या शिवारात वाघाने मारलं. तुम्ही आमच्या जिल्ह्याचा वाघ घेतला, आम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं तर आम्ही सांगितलं असतं. वाघ घ्या. फक्त त्याला हसवू नका.”

संजय सरांनी मोबाईल खाली केला. म्हणाले, “हे मला वर पाठवता येणार नाही, अंजू.”

“नका पाठवू,” ती म्हणाली. “पण तुम्ही तर ऐकलं.”

ते चहा न घेता गेले. मला न्यायलाही विसरले, की विसरल्यासारखं केलं, ते मला माहीत नाही. नवा दोस्तू शहरातून आला आहे असं ऐकतो. आत दुसरं कोणीतरी आहे. स्टेडियममध्ये तेच जाईल.

निघताना गुलाबसिंग दारातून परत फिरला. माझी चेन उघडी होती. त्याने ती खालून वरपर्यंत लावली, सावकाश, मध्ये न अडकता, आणि युनूसभाईंना म्हणाला, “उघडी राहू देऊ नोका. धूळ जाते आतमंदी.”

तेव्हापासून मी इथे आहे. समोरच्या भिंतीवर माझं चित्र अजून हसतंय. रोज त्याच्याकडे पाहावं लागतं.

महोत्सव सुरू होईल तेव्हा तुम्ही जरूर पाहा. खेळाडूंसाठी टाळ्या वाजवा, ते वर्षानुवर्षं घाम गाळून आलेले असतील. पण दोस्तू हसत हसत समोर आला की त्याच्याशी फोटो काढण्याआधी त्याच्या तोंडात नीट बघा. तिथे काळी जाळी असते. जाळीमागे माणूस असतो. त्याला बोलायची परवानगी नसते आणि चेन त्याच्या हाताला लागत नाही. तेव्हा तुम्हीच विचारा त्याला, बाहेर यायचं आहे का? आणि तो काही बोलला नाही, तर मागे जाऊन चेन काढा.

माझ्या आत आता कोणी नाही.