दुधाच्या गाडीतली पिळाची तार

मित्रांनो, मी एक जुनी तार आहे. खरं म्हणजे दोन तारा, एक पिवळी नि एक हिरवी, वेणीच्या पेडांसारख्या एकमेकींत गुंफलेल्या. मुरगूडच्या एका पिकअप गाडीच्या पोटात माझं आयुष्य गेलं. तुम्ही मला पाहिलं नसेल. ज्यांनी पाहिलं, त्यांनी मला टोचलंच.

कारखान्यात मला पीळ दिला, तो शोभेसाठी नाही. गाडीत विजेचा गोंगाट फार. तो दोघींवर सारखाच आदळतो आणि ऐकणारा फक्त दोघींतला फरक ऐकतो, म्हणून गोंगाट फिटून जातो. इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, मीटर, प्रत्येकाची एक शहाणी पेटी असते. पूर्वी म्हणे त्यांना जागोजागी वेगळ्या वायरी लागायच्या, नुसता गुंताडा. आता सगळ्यांचं बोलणं माझ्या एकटीवरून जातं, माळेत मणी ओवावेत तसं एकामागून एक. दोघं एकदम बोलले, तर तातडीच्या कामाला आधी वाट मिळते. ब्रेक बोलू लागला की दुसरा मुकाट्यानं थांबतो, आणि रुसत नाही.

रुसणं मी माणसांत पाहिलं.

गाडी अमरसिंह आणि विजयसिंह या सख्ख्या भावांची. सकाळचं दूध थोरला अमरसिंह कोल्हापूरला न्यायचा, संध्याकाळचं धाकटा विजयसिंह. गाडी नवी आली तेव्हा पुढच्या काचेवर कुणाच्या पोराचं नाव घालायचं, यावरून दोघांचं वाजलं. काच कोरीच राहिली नि बोलणं बंद झालं. घराच्या पुढच्या एकाच सोप्यात बसायचे, पण बोलायचे आईच्या, तानाबाईंच्या तोंडून.

"आई, सांग त्याला, डिझेल भरून ठेव म्हणावं."

"आई, सांग त्याला, कालच भरलंय, डोळं फुटल्यात काय म्हणावं."

तानाबाई इकडचं तिकडं पोचवायच्या. मग अंगणात दुधाचे कॅन घासता घासता गुणगुणायच्या,

*एका कुशीचं दोन ल्योक, एका जुवाखाली मान,*
*एकाला हवा माळ, दुज्याला वलं रान.*

पुढं संशय शिरला. अमरसिंह गाडी सासरवाडीला फिरवतो, असं विजयसिंहाच्या डोक्यात बसलं. गाडीची खबर मोबाईलवर देणारी पेटी त्यानं आणली, चोरून माझा पीळ उसवला आणि पिना खुपसल्या. तिकडं अमरसिंहालाही धाकट्याचा तसाच संशय! महिनाभरात त्यानंही तसलीच पेटी आणली नि मला दुसरीकडं भोसकलं. एकमेकांशी शब्द नाही, पण पाळत ठेवायला दोघांना माझंच अंग सापडलं. वेदगंगा नदीवर गाडी धुतली की माझ्या जखमांत पाणी शिरे. मी आतून कुजत होते. कुणाला सांगणार?

एका सकाळी कागलच्या अलीकडं माझी पिवळी हिरवीला चिकटली. सगळ्या पेट्या एकदम मुक्या झाल्या. मीटर झोपला, इंजिन बंद पडलं. मागं दूध, वर ऊन. तानाबाई माहेरी निघाल्या होत्या, त्याही गाडीतच अडकल्या.

तिकडं गावात विजयसिंहाच्या मोबाईलवरची खबर कागलजवळच थांबली. भावानं पेटी उपटली असं समजून तो मोटरसायकलवर तणतणत आला.

"आई, विचार त्याला, गाडीचं काय वाटोळं केलं!"

"आई, सांग त्याला, त्याच्याच हातगुणानं झालंय!"

तानाबाई खाली उतरून एका दगडावर बसल्या. "टपालाला बी रविवारची सुट्टी असती. मला कधी रं? आजपास्नं माझं टपाल बंद. तोंड उघडा, न्हायतर दूध नासू दे!"

ऊन चढत होतं. दूध गेलं, तर गावातल्या घरोघरच्या म्हशींची मेहनत जाणार होती. अखेर बिघाड शोधायच्या निमित्तानं दोघांचे हात एकदमच डॅशबोर्डखाली गेले, आपापली पेटी चाचपायला. आणि प्रत्येकाच्या हाती दुसऱ्याची पेटी लागली.

"ही कुणाची रं?"

"आन् ही कुणाची? तुझ्या सासऱ्याची काय?"

"चोर हाईस तू!"

"आन् तू लई साव की!"

पुढच्या शिव्या मी सांगत नाही, मित्रांनो. पण आईकडून वळसा न घेता थेट गेलेले ते पहिले शब्द होते.

दोन्ही पेट्या उसात भिरकावल्या गेल्या. विजयसिंह माझ्याखाली उताणा झोपला. त्यानं माझं हिरवं पडलेलं तांबं खरवडलं, जमेल तसा पीळ दिला, टेप गुंडाळली.

"मार चावी."

"मारली."

"मीटर?"

"उठला की!"

दूध पोचलं, पण काही कॅन नासले ते नासलेच. काचही अजून कोरीच आहे. टेपखाली माझा पीळ सैल राहिलाय, ओल आली की ठणकतो. मित्रांनो, भांडायचं तर समोरासमोर भांडा. पण जी तार सगळ्यांचं बोलणं मुकाट्यानं वाहते, तिला टोचू नका. तिचा पीळ जपा.

परवा विजयसिंहानं गाडी अंगणात लावली आणि सोप्याकडं तोंड करून ओरडला, "दादा, डिझेल कोण भरणार? तुझा सासरा?"

"भरतो की! बोंबलू नगंस!"

तानाबाईंनी मानसुद्धा वर केली नाही. त्या कॅन घासत राहिल्या.