नऊ नंबरच्या खाटेची चादर

मी चादर बोलतेय. इस्पितळातली, नऊ नंबरच्या खाटेची. लगेच नाक मुरडू नका. मला धुणाऱ्या मावशींचा हात ज्यांना ठाऊक आहे, ते माझ्यावर बिनघोर डोकं टेकतात.

मावशी म्हणजे धुलाईच्या खोलीच्या सर्वेसर्वा. तीस वर्षं तिथंच गेली. पांढऱ्यावर लाल डाग दिसला की त्यांच्या अंगात संचारायचं. "माझ्या हातून आजवर एक डाग निसटला नाही," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या, आणि ते खरंही होतं.

मग लढाई आमच्या शहरात आली. खाटा कमी पडल्या, माणसं जमिनीवर निजू लागली. कुणी बंदूक घेऊन आत शिरू लागला की सिस्टर दारातच आडव्या यायच्या. "आधी ती बाहेर ठेवा. इथं जखम बघतात, बाजू नाही." चांगले धिप्पाड गडी मुकाट्यानं ऐकायचे.

पण आभाळातून येणाऱ्याला दारात कसं अडवणार? म्हणून सिस्टरांनी मला आणि माझ्या तीन बहिणींना एकत्र शिवून घेतलं. रंगाची दुकानं बंद होती, तेव्हा ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरकाकांनी जखमेला लावायच्या लाल औषधानं आमच्यावर भलीमोठी फुली काढली. अशी फुली दिसली की तिथं बॉम्ब टाकायचा नाही, असं साऱ्या देशांनी कबूल केलंय म्हणे. खाटेवरून थेट गच्चीवर! मला कॉलर असती तर ती ताठ झाली असती.

आठवड्याभरात पलीकडची गल्ली कोसळली आणि आमच्यावर धुळीचा थर बसला. सिस्टर मावशींना म्हणाल्या, "गच्चीवरची चादर तेवढी झटकून घ्या," आणि घाईघाईनं ऑपरेशनला गेल्या.

मावशींनी मला खाली आणलं, झटकलं. धूळ काही हटेना. फुलीचं मावशींना कुणी सांगितलंच नव्हतं, त्यात डोळ्यांसमोर पांढऱ्यावर लालभडक! तीस वर्षांची सवय ती. मला ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवलं, घासघास घासलं, पिळलं. मी ओरडून सांगणार तरी कशी? बारा वाजता मी पांढरीशुभ्र होऊन दोरीवर झुलत होते.

ड्रायव्हरकाका अंगणात आले आणि जागीच थबकले. "अहो मावशी, फुली कुठंय?"

मावशींच्या हातातला चिमटा गळून पडला. "अगं बाई! मी डागच समजले की हो!"

विमानं रोज तीनच्या सुमाराला यायची. लाल औषध बाटलीच्या तळाशी उरलेलं, तेही जखमांना हवं होतं. मावशी रडत बसल्या नाहीत. तडक वॉर्डात गेल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "माझ्या हातून मोठा घोटाळा झालाय. मला लाल कापड हवंय."

दिवस कडाक्याच्या थंडीचे, आणि लाल होती ती फक्त अंगावरची ब्लँकेटं. मग नऊ नंबरच्या आजोबांनी आपलं ब्लँकेट ओढून काढलं. त्यांचा एक पाय गेला होता. "घे बाई. गच्चीवर पांघरलंस तर सगळ्यांना पुरेल."

पाठोपाठ आणखी तीन ब्लँकेटं मावशींच्या हातावर पडली. ड्रायव्हरकाकांनी सुया ओवल्या, मावशींनी टाके घातले. कसले टाके! एक उत्तरेला, एक दक्षिणेला. पण मला एकही टोचला नाही, खरं सांगते.

तीनला पाच मिनिटं असताना मी पुन्हा गच्चीवर होते. वारा सुटला होता, माझं एक टोक वर ठेवलेल्या विटेला जुमानेना. मावशी ते गुडघ्याखाली दाबून तिथंच बसल्या. जिन्यातून सिस्टर ओरडत होत्या, "मावशी, खाली या!" त्या हलल्या नाहीत.

एक विमान खाली आलं. आमच्यावरून एक घिरटी घातली, मग दुसरी. मावशींनी माझं टोक आणखी घट्ट दाबून धरलं. मग ते वळलं आणि निघून गेलं.

त्या वैमानिकानं मला पाहिलं, की त्याचं इंधन संपत आलं होतं, कुणास ठाऊक. मी मात्र त्याचे उपकार मानते. त्या आजोबांचेही, आणि ब्लँकेट देऊन, कुडकुडत का होईना, हसतमुखानं झोपलेल्या त्या तिघांचेही.

पुढे लढाई थांबली. आम्ही बहिणी उसवून आपापल्या खाटांवर परतलो. पण मधल्या पावसात ब्लँकेटचा रंग उतरून माझ्यावर तळहाताएवढा तांबूस डाग पडलाय.

माझं मागणं मोठं नाही. तुमच्यापैकी कुणी कधी आभाळातून जात असाल, तर एकदा खाली बघा. फुलीखाली माणसं निजलेली असतात, आणि त्यांच्या उशाशी न झोपलेली माणसं असतात.

परवा नऊ नंबरवर आलेल्या बाई कुरकुरल्या, "चादरीला डाग आहे."

मावशींनी माझी सुरकुती हातानं सारखी केली. "आहे खरा," त्या म्हणाल्या. "तीस वर्षांत तेवढा एकच ठेवलाय मी."