एक कान मोकळा

मी एक हेडफोन बोलतोय. खरं तर बोलणं हे माझं काम नाही. दूरच्या माणसांचं बोलणं कानात पोचवायचं, आणि डाव्या बाजूच्या वाकड्या दांडीवर जो माईक आहे त्यातून इकडचं बोलणं तिकडे पाठवायचं, एवढंच माझं काम. पण आता माझ्या वायरीचा गळा फाटत आलाय. आवाज मध्येच जातो, मध्येच येतो. पुरता मुका होण्याआधी सांगायचं ते सांगून टाकतो.

माझ्याकडे जरा नीट बघा. डावी गादी पार चेपलीय, वरचं काळं आवरण सोलवटून आतला स्पंज दिसतोय. उजवी मात्र अजून दुकानातून आणल्यासारखी आहे. बघणाऱ्याला वाटतं, डावीचा माल खराब निघाला असेल. तसं नाही.

कारखान्यात मला तपासणाऱ्या बाईंनी दोन्ही कानांवर चढवलं होतं आणि शेजारणीला म्हणाल्या होत्या, "अगं, हा लावला की बाजूला हातोडा पडला तरी कळायचं नाही!" ते माझं पहिलं कौतुक. माझ्या खोक्यावरही मोठ्या अक्षरांत तेच छापलं होतं, बाहेरचा आवाज आत येणार नाही म्हणून. मला त्याचा केवढा तोरा होता!

मला विकत घेणारा चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगं घासायचा. वय पस्तिशीच्या आसपास. घरात तो आणि त्याचे बाबा, दोघंच. बाबा छापखान्यातून निवृत्त झालेले, पायांनी अधू, पलीकडच्या खोलीत पलंगावर असायचे. दिवसा एक बाई त्यांना सांभाळायला येत आणि संध्याकाळी तो कामावरून आला की जात. पलंगाच्या लोखंडी कठड्याला दोरीने एक चमचा बांधलेला होता. चमचा कठड्यावर एकदा वाजला की पाणी हवंय. दोनदा वाजला की उठायचंय.

पहिल्या दिवशी त्याने मला कानांवर लावलं, क्षणभर बसला आणि लगेच उजवी गादी कानामागे सरकवून दिली. मला अपमान वाटला. अर्धाच वापरायचा होता तर अख्खा कशाला आणला?

संध्याकाळी सात वाजता तो संगणकावर एक खेळ खेळायचा. पाच जणांनी मिळून एक गढी राखायची, समोरचे पाच जण ती घ्यायला येणार. त्याचे चार साथीदार त्याला खेळातच भेटलेले. कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं. म्होरक्या होता गाडी चालवायला शिकवणारा एक मास्तर. कपडे शिवणाऱ्या एक बाई होत्या, त्यांना सगळे सुईदोरा म्हणायचे, कारण खेळता खेळता त्यांचं शिलाई मशीनही चालू असायचं. दोघं जुळे भाऊ होते, ते नेहमी एकाच वेळी बोलायचे. आणि माझ्या मालकाचं नाव पडलं चष्मा. गढीचं मागचं दार राखणं हे त्याचं काम.

सुरुवातीचे दिवस म्हणजे नुसता बाजार होता.

"मागच्या दारावर कोण आहे?" मास्तर ओरडायचा.

"मी होतो."

"होतो म्हणजे?"

"तुम्ही सगळे पुढे पळालात, मग मीही आलो."

"अरे, सहलीला निघालोय का आपण!" सुईदोरा म्हणायची.

"ब्रेक! सगळ्यांनी ब्रेक दाबा!" मास्तर म्हणायचा. "एकाने बोलायचं, चौघांनी ऐकायचं. कळलं?"

"आधी मी बोलतो!" दोन्ही जुळे एकदम.

त्यात चष्म्याची अडचण वेगळीच. शत्रू आला की पावलांचा आवाज येतो, पण एकाच कानाने ऐकलं तर तो कुठल्या बाजूचा ते उमगत नाही. "पावलं आली!" एवढंच तो सांगायचा. कुठून, ते सांगता यायचं नाही. शिवाय ऐन गर्दीत पलीकडे चमचा वाजायचा. "दोन मिनिटं," म्हणून तो मला टेबलावर ठेवून उठायचा, आणि परत येईपर्यंत गढी गेलेली असायची.

एकदा धाकट्या जुळ्याचं डोकं फिरलं. "याला रोज कसली रे दोन मिनिटं लागतात? पोटबीट बिघडलंय का?"

"माझे बाबा आहेत," चष्मा हळूच म्हणाला. "त्यांना एकट्याने उठता येत नाही. म्हणून एक कान मोकळा ठेवतो."

तिकडे शिलाई मशीन थांबलं. ते मी पहिल्यांदाच ऐकलं.

"वेड्या, हे आधी नाही का सांगायचं?" सुईदोरा म्हणाली. "तू बिनधास्त जात जा. दार मी बघते."

माझ्या मते त्यांचा संघ त्या दिवशी झाला. "दोन मिनिटं" ऐकू आलं की सुईदोरा मागच्या दारावर यायची, एक जुळा तिची जागा घ्यायचा, मास्तर तोंड मिटून पुढची बाजू सांभाळायचा. चष्मा परतला की ती त्याला बाजूही सांगायची, "उजवीकडून येतायत बघ." त्याच्या झाकलेल्या कानाला मी होतो, उघड्या कानाच्या जागी ती. तरी ते हरायचेच, पण आता थोडक्यात हरायचे.

खेळ संपला की बाबा आतून विचारायचे, "काय रे, जिंकलात का?"

"नाही बाबा, हरलो."

"मग ओरडता तर जिंकल्यासारखे!"

मलाही हळूहळू माझा अर्धेपणा आवडायला लागला होता.

मग एक स्पर्धा आली. सामना रविवारी दुपारी चारला. रविवारी सांभाळणाऱ्या बाईंची सुट्टी असायची. साडेतीनला चष्म्याने बाबांना पाणी दिलं, उशी सारखी केली आणि येऊन बसला. दोन्ही संघांनी एकेक फेरी जिंकली. आता शेवटची.

"चष्म्या, ऐक," मास्तर म्हणाला. "या फेरीत सुईदोरा मला पुढे लागणार. दार तुझ्या एकट्यावर. फक्त दहा मिनिटं दोन्ही कान लाव. एवढं एकदाच."

त्याने पलीकडच्या खोलीकडे पाहिलं. सगळं शांत होतं. त्याने उजवी गादी ओढून कानावर घेतली.

आणि मी ज्यासाठी घडलो होतो ते काम चोख केलं. पावलं अशी स्वच्छ ऐकवली की बस! "डावीकडून दोघं! डावीकडून!" तो ओरडला. दार राखलं गेलं, गढी वाचली, ते पहिल्यांदा जिंकले. जुळे किंचाळत होते, सुईदोरा रडत हसत होती, मास्तर नुसताच "शाब्बास, शाब्बास" म्हणत होता. त्या आनंदात मला काढायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही.

चमचा किती वेळा वाजला, मला माहीत नाही. ते कळू न देणं, हाच तर माझा गुण होता.

शेवटी त्याने एक गादी बाजूला केली आणि ऐकलं. काहीच आवाज नव्हता. तो तसाच धावला, मी गळ्यात. माझी वायर हिसका बसून सुटली. तो हिसका अजून माझ्या गळ्याशी आहे.

बाबा पलंग आणि न्हाणीघराच्या मध्ये जमिनीवर पडले होते. दोरी तुटून चमचा त्यांच्या हातात आला होता.

"जिंकलात वाटतं," ते म्हणाले. "ओरडलास ते ऐकलं मी."

मांडीचं हाड मोडलं होतं. तीन आठवड्यांनी तो दवाखान्यातून एकटाच परत आला. हातात एक पिशवी होती. तिच्यात बाबांचा चष्मा होता, त्यानेच भिंगं घासून दिलेला.

दोन महिने मी खुंटीवर लटकून होतो. मग एका संध्याकाळी त्याने मला खाली काढलं. चौघेही खेळात हजर होते. पुढचा सामना ते खेळलेच नव्हते.

"चष्म्या," मास्तर अडखळत म्हणाला, "मीच सांगितलं होतं रे तुला."

"कान माझे होते, मास्तर."

त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही.

आता तो पुन्हा खेळतो. पलीकडच्या खोलीतला पलंग गेला, फरशीवर त्याच्या चार पायांचे डाग तेवढे राहिलेत. तरीही तो उजवी गादी कानामागेच ठेवतो. कधी वरच्या मजल्यावर कुणी भांडं आपटतं. टक. त्याचा हात थांबतो.

"दोन मिनिटं," तो म्हणतो आणि उठतो.

टेबलावर पडल्या पडल्या मला त्या चौघांचं ऐकू येतं. तो कुठे जातो, कुणी विचारत नाही. "दार मी बघते," एवढंच सुईदोरा म्हणते, आणि सगळे त्याची जागा राखत उभे राहतात.

तो रिकाम्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन परत येतो. "आलो," म्हणतो.

"उजवीकडे बघ," ती म्हणते.

माझे दिवस भरलेत. माझ्या जागी नवा येईल, तोही खोक्यावरची मोठी अक्षरं वाचून तोऱ्यातच येईल. त्याला माझं एवढंच सांगणं आहे. तुझी उजवी गादी मागे सरकवली, तर राग मानू नकोस. पलीकडे कुणी नाही, हे त्याला माहीत आहे. तरी तो कान मोकळा राहू दे.