दुपारचा समुद्र

जसोदाबाई न्हाणीघरात पडल्या, खुबा मोडला आणि सुरतेला नेऊन त्यांचं ऑपरेशन करावं लागलं, तेव्हा त्यांची सून कामिनी इंग्लंडमध्ये होती. पूर्व किनाऱ्यावरच्या एका लहान गावात, म्हाताऱ्या माणसांच्या केअर होममध्ये ती अडीच वर्षं नर्सिंगचं काम करत होती. नवरा भूपेंद्र तिच्याच व्हिसावर सोबत गेला होता आणि एका गोदामात खोकी चढवत होता. फोन आला त्याच्या चौथ्या दिवशी दोघं निघाले. सासरे चुनीलाल, घरात सगळे त्यांना आप्पा म्हणत, फोनवर एवढंच म्हणाले होते, की महिन्याभराचा प्रश्न आहे, घरात बाईमाणूस नाही.

घर तापीकाठी, शहाद्यापासून बारा किलोमीटरवर. केळी, ऊस, कापूस, दोन ट्रॅक्टर, कामाला माणसं. आल्या दिवशीच चुनीलालांनी दोघांचे पासपोर्ट मागून घेतले आणि आपल्या लोखंडी कपाटात ठेवले. घरातले सगळे महत्त्वाचे कागद तिथेच असायचे, त्यामुळे कामिनीला त्यात वावगं काही वाटलं नाही.

सासूचं काम तिने हातात घेतलं ते नर्सच्या सवयीने. सकाळी पायांचे व्यायाम, मग कुशीवर वळवणं, मग वॉकर धरून चार पावलं. तिने घरात सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, की आई स्वतःच्या पायांनी संडासापर्यंत जायला लागल्या की मी परत जाईन. केअर होमच्या मॅनेजरबाईंनी आधी चार आठवड्यांची रजा दिली, मग दोनदा वाढवली. शेवटी त्यांनी कळवलं, की तीस जूनपर्यंत जागा राखता येईल, त्यापुढे व्हिसाचा कागदही रद्द करावा लागेल.

भूपेंद्रला परत जायचंच नव्हतं. गोदामातल्या थंडीला तो कंटाळला होता. इथे आल्यावर आठ दिवसांत त्याने जुने मित्र गोळा केले, जीप दुरुस्त करून घेतली आणि तो दिवसभर बाहेर राहू लागला. कामिनीचं बाहेर जाणं मात्र अंगणाच्या फाटकापर्यंत होतं. एकदा ती केळीच्या बागेकडे निघाली, तर चुनीलालांनी माणूस पाठवून तिला परत बोलावलं. आपल्या घरच्या सुना बांधावर हिंडत नाहीत, लोक विचारतात घरात काय कमी पडलं, असं ते समजावून म्हणाले. रागावले नव्हते. त्यामुळे भांडताही आलं नाही.

दुपारी पुरुष जेवून गेले की घर शांत होई. खिडकीला पडदा, वर पंखा, पलंगावर जसोदाबाई आणि खाली चटईवर कामिनी. वेळ जावा म्हणून एकदा जसोदाबाईंनी विचारलं, की तिकडची माणसं काम नसलं की काय करतात. कामिनीने सांगायला सुरुवात केली.

ती म्हणाली, तिथे समुद्राकाठी रंगीत लाकडी खोपटांची ओळ आहे. एकेक खोपटं एकेका कुटुंबाचं. त्यात झोपायला परवानगी नाही, तरी लोक सकाळी येतात, दार उघडतात, दारात खुर्च्या टाकतात आणि दिवसभर चहा पीत पाण्याकडे बघतात. जसोदाबाईंना खूप हसू आलं. आपल्याकडे एवढा वेळ बसलेल्या माणसाला लोक आजारी समजतात, असं त्या म्हणाल्या.

मग हे रोजचंच झालं. पाण्यात लांब गेलेल्या लाकडी धक्क्यावर मुलं आणि त्यांचे आजोबा दोरीला मांसाचा तुकडा बांधून खेकडे धरतात, बादलीत ठेवतात, संध्याकाळी मोजतात आणि परत पाण्यात सोडून देतात. खायचे नाहीत तर धरतात कशाला, हे जसोदाबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. हिरवळीवर पांढरे कपडे घातलेली म्हातारी माणसं जड गोळे हळूच घरंगळवत सोडतात आणि तेवढ्यासाठी श्वास रोखून उभी राहतात. एक निवृत्त शिक्षक तळ्यात हातभर लांबीची जहाजं चालवतात. समुद्रपक्षी इतके धीट, की माणसाच्या हातातले बटाट्याचे काप उचलून नेतात.

जसोदाबाईंना सगळ्यांत आवडल्या त्या पोहणाऱ्या बायका. चौघीजणी, सगळ्या सत्तरीच्या आसपास. डिसेंबरातसुद्धा रोज सकाळी समुद्रात उतरायच्या, दहा मिनिटांनी लालबुंद होऊन बाहेर यायच्या आणि थर्मासमधला चहा पीत केक खायच्या.

"त्या घरी विचारीसन जातस का?" जसोदाबाईंनी विचारलं.

कोणाला विचारणार, असं कामिनी म्हणाली. दोघींचे नवरे तर काठावर टॉवेल धरून उभे असतात. जसोदाबाईंनी समुद्र कधीच पाहिला नव्हता. सुरतेला जाऊनही त्यांना दवाखान्याच्या खिडकीतून फक्त पाण्याची टाकी दिसली होती.

कामिनीने स्वतःचं सांगितलं ते सगळ्यांत शेवटी. केअर होममधल्या एका बाईंचा नवरा, राल्फ नावाचा ऐंशी वर्षांचा निवृत्त पोस्टमन, रोज बायकोला भेटायला यायचा. त्याने एकदा कामिनीला तुझा छंद काय, असं विचारलं. तिला उत्तर देता येईना. हा प्रश्न तिला त्याआधी एकदाच आला होता, लग्नाच्या बायोडेटात, आणि तिथे तिच्या वडिलांनीच वाचन, भरतकाम असं लिहून टाकलं होतं. तिने सांगितलं, की आमची शेती आहे. राल्फला वाटलं, हिला शेतीची आवड आहे. तिथे नगरपालिका लोकांना हौसेसाठी दोन-अडीच गुंठ्यांचे तुकडे भाड्याने देते. राल्फचे गुडघे गेले होते. त्याने आपला अर्धा तुकडा तिला दिला.

"तीस एकरवाल्याच्या घरातली मी, आई, आणि कुदळ पहिल्यांदा धरली ती तिकडे," कामिनी म्हणाली. तिने कांदे लावले, बटाटे लावले, उन्हाळ्यात मेथी पेरली. शेजारच्या तुकड्यातले लोक मेथी तोंडात टाकून कडू म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी परत मागायला यायचे. ऑगस्टात चर्चच्या दालनात भाज्यांचं प्रदर्शन भरलं. ताटलीत पाच सारखे कांदे मांडून ठेवायचे, त्यांच्या माना दोऱ्याने बांधायच्या. तिच्या कांद्यांना दुसरा नंबर मिळाला. भूपेंद्रला तिने कार्ड दाखवलं, तेव्हा बाजारात याला काय भाव येईल, एवढंच तो म्हणाला.

मार्च गेला, एप्रिल गेला. वॉकरवर जसोदाबाई चार पावलांच्या पुढे जाईनात. पाय धरतो, चक्कर येते, काहीतरी निघायचं. कामिनीला आश्चर्य वाटे. जखम भरली होती, एक्स-रेत हाड नीट दिसत होतं, शहाद्याच्या डॉक्टरांनीही आता चालायला हवं म्हणून सांगितलं. तिने व्यायाम वाढवले. रात्री तिला वाटे, आपल्याच शिकवण्यात कसूर आहे.

जूनच्या बारा तारखेला दुपारी ती गच्चीवर वाळत घातलेल्या कैरीच्या फोडी हलवायला गेली होती. वारा सुटला म्हणून फोडी गोळा करून ती लवकर खाली आली. स्वयंपाकघराच्या दारात तिची पावलं थांबली. जसोदाबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. वॉकर नव्हता. टाचा उचलून, चवड्यांवर उभ्या राहून त्या वरच्या फळीवरची चिनी मातीची बरणी उतरवत होत्या. सगळा भार ऑपरेशन झालेल्या पायावर होता. बरणी उतरवून त्या वळल्या, ती आतल्या खोलीपर्यंत घेऊन गेल्या. चालणं सरळ होतं, पाय जराही ओढत नव्हता.

कामिनी आवाज न करता जिन्यात परत गेली आणि पायरीवर बसून राहिली. संध्याकाळी जसोदाबाईंनी कण्हत तिच्या गळ्यात हात टाकला आणि सगळं अंग तिच्यावर सोडलं. तिने त्यांना संडासापर्यंत नेलं, परत आणलं. तीस तारखेला अठरा दिवस उरले होते.

दोन दिवसांनी पायांना तेल लावताना तिने विचारलं, "आई, बरणी खाली कोणी घेतली?"

जसोदाबाईंनी पाय आखडून घेतला. मग भिंतीकडे तोंड केलं. त्या बोलल्या तेव्हा त्यांच्या आवाजात लाज होती तेवढाच हट्टही होता.

"तू जाशी ते तुन्हा समुद्रवर जाशी. मी कोठे जासू? चाळीस वरीस झालं या घरमा. चहा दे, भाकर दे, याना शिवाय कोणीच मन्हासंगे बोलनं नही."

त्यांना बोलायला कोणी हवं होतं, हे कामिनीला आतून कळलं. आणि त्याच वेळी तिला तेलाची वाटी तिथेच टाकून उठून जावंसं वाटलं. ती म्हणाली, मी फोन करेन, रोज बोलेन, पण तुम्ही आप्पांना सांगा. जसोदाबाईंनी दोन दिवस मागितले. दोनाचे पाच झाले. तेव्हा कामिनीने भूपेंद्रला सांगितलं.

भूपेंद्रने ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, "तुला जायचंय म्हणून तू आईवर आळ घेतेस?" तिने हट्ट धरला, तेव्हा तो तिला घेऊन आईच्या खोलीत गेला. मागून चुनीलालही आले. भूपेंद्रने आईला उठून चालायला सांगितलं. जसोदाबाईंनी एकदा कामिनीकडे पाहिलं. पलंगाची कड धरून त्या उठल्या, एक पाऊल टाकलं आणि खाली कोसळल्या. भूपेंद्रने धावत जाऊन त्यांना उचललं. चुनीलाल कामिनीकडे न बघता बाहेर गेले, आणि त्यानंतर आठ दिवस त्यांनी तिच्या हातचा चहा घेतला नाही.

तीस जून सोमवारी होता. पासपोर्ट अजून कपाटातच होता. कामिनीने त्या दिवशी घरातली सगळी भांडी घासून काढली. संध्याकाळी फोनवर मॅनेजरबाईंची मेल आली, तीन ओळींची, सभ्य आणि वाईट वाटल्याचं सांगणारी. तिने ती भूपेंद्रला दाखवली नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिने सासूशी बोलणं सोडलं. कामात कसर ठेवली नाही. औषध वेळेवर, व्यायाम वेळेवर, चादर रोज बदललेली. दुपारी मात्र ती चटईवर भिंतीला टेकून नुसती बसे. जसोदाबाईंनी एकदा विचारून पाहिलं, त्या पोहणाऱ्या बाया आता काय करत असतील. कामिनी उठून स्वयंपाकघरात गेली. आता त्या खोलीत दोघीही अडकल्या होत्या, आणि उठून निदान स्वयंपाकघरापर्यंत जाणं एकट्या कामिनीलाच शक्य होतं; जसोदाबाईंना सोंग मोडल्याशिवाय तेही नव्हतं.

तेवीस दिवस असे गेले. चोविसाव्या दिवशी दुपारी चुनीलाल आणि भूपेंद्र जेवायला बसले होते, कामिनी भाकरी वाढत होती. जसोदाबाई आतून चालत आल्या. हातात काही नव्हतं. त्या चौकटीत थांबल्या, मग पुढे येऊन नवऱ्याच्या ताटासमोर उभ्या राहिल्या.

"मी चाली ऱ्हायनी," त्या म्हणाल्या. "तीन महिना व्हयनात. ही खरं बोलत व्हती. हिना पासपोर्ट द्या."

चुनीलालांच्या हातातला घास तसाच राहिला. भूपेंद्र आईकडे आणि मग बायकोकडे बघत होता. चुनीलाल हात धुऊन उठले. कपाट उघडल्याचा आवाज आला. त्यांनी पासपोर्ट आणून कामिनीसमोर ओट्यावर ठेवला आणि ते जेवण अर्धं टाकून बाहेर पडले.

कामिनीने त्याच दुपारी मॅनेजरबाईंना फोन लावला. त्या मनापासून बोलल्या, पण जागा भरली गेली होती. शिवाय बाहेरच्या देशांतून या कामासाठी नवी माणसं घेणंच तिथल्या सरकारने दोन दिवसांपूर्वी बंद केलं होतं. कामिनीने थँक्यू म्हणून फोन ठेवला. पासपोर्ट मांडीवर होता. दार उघडलं होतं आणि पलीकडे रस्ताच नव्हता. ती तशीच बसली असताना जसोदाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि काय झालं म्हणून त्यांनी विचारलं. कामिनीने सांगितलं. त्या तिथेच, उंबऱ्यावर बसल्या. त्या रडल्या. कामिनी रडली नाही, आणि त्यांना गप्पही केलं नाही.

ऑगस्टात तिने कोणाला न विचारता शहाद्याच्या एका खाजगी दवाखान्यात अर्ज केला. हाडांच्या ऑपरेशननंतर रुग्णांना चालायला शिकवण्यासाठी त्यांना माणूस हवं होतं. तिला बोलावलं, त्याच दिवशी घेतलं. घरी सांगितल्यावर भूपेंद्र म्हणाला, की लोक काय म्हणतील, घरात आजारी माणूस आहे. आता आजारी कोण आहे, असं तिने विचारलं. चुनीलालांनी तिला अडवलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही. त्या जेवणानंतर ते घरात कमीच बोलत.

सातच्या बसने ती जाते, सहाच्या बसने येते. बसमध्ये बसायला जागा मिळत नाही. खिडकीतून केळीच्या बागा, उसाचे ट्रॅक्टर, मग पूल आणि तापीचं गढूळ पाणी दिसतं. काही दिवस तिला हे बरं वाटतं. काही दिवस पुलावर बस आली, की ती पाण्याकडे पाठ करते आणि शहादा येईपर्यंत तशीच उभी राहते. राल्फची बायको गेली, असं पत्र आलं. त्याचा तुकडा आता दुसऱ्या कोणाकडे आहे.

समुद्राचं तिने परत कधी सांगितलं नाही आणि जसोदाबाईंनीही विचारलं नाही. त्या आता संध्याकाळी एकट्या घराबाहेर पडतात. आधी देवळापर्यंत, मग शाळेपर्यंत, आणि मग एकदा थेट नदीच्या घाटापर्यंत गेल्या. कामिनी आली, की भाजी चिरते आणि त्या शेजारी पाटावर बसून सांगत राहतात. घाटावर कोण भेटलं, दिवलीबाईची म्हैस कशी पाण्यातून निघेना, पायऱ्या किती मोडल्या आहेत, परत येताना दोनदा कसं बसावं लागलं. कामिनी ऐकते की नाही, हे त्यांना कळत नाही. ती मान वर करत नाही.

परवा त्या म्हणाल्या, की मी पाण्यात पाय बुडवून बसले होते, तेवढ्यात मागून आप्पा आले. एवढं बोलून त्या थांबल्या, पदराने घाम पुसू लागल्या.

कामिनीचा हात विळीवर थांबला.

"मग?" तिने विचारलं.