पगारदार जामीन

जितेंद्र बऱ्याच दिवसांनी दीपनगरच्या क्वार्टरमध्ये आला आणि प्रमिलाबाईंचा जीव भांड्यात पडला. जळगावातली त्याची ठिबकच्या नळ्यांची एजन्सी बुडाल्यापासून धाकटा भाऊ बहिणीकडे फिरकला नव्हता. लाजेनं तोंड लपवतोय बिचारा, असं त्या शेजारणींना सांगायच्या. बिचारा कसला! पण बहिणीची समजूत कोण घालणार?

"बठ्ठं मिटी गयं, अक्का!" पेढ्यांचा पुडा पुढे करत तो म्हणाला. "कोर्टनी माले नादार ठरायं व्हतं, आते मोकळं बी करी दिन्हं. व्यापारी, फायनान्सवाला, पतपेढी... कोनीबी मन्हा दारमा येस नही."

पतपेढीचं नाव ऐकून प्रमिलाबाईंनी हात जोडले. कर्जाला पगारदार जामीन हवा, ही पतपेढीची अट. साऱ्या गोतावळ्यात कायमचा पगार एकट्या त्यांच्या नवऱ्याचा, हिलालभाऊंचा, वीज केंद्रातला. जितेंद्रनं वेळही नेमकी साधली होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी-जावई पारोळ्याला माहेरी जमलेले, जावई पाटावर, ताटात आमरस नि खापरावरचे मांडे, आणि शेजारी जामिनाचा कागद. सासरच्या पाटावर बसून मेहुण्याला नाही म्हणणारा जावई खानदेशात अजून जन्मायचाय. तरी हिलालभाऊंनी बायकोकडे पाहिलं होतं. बायकोनं होकाराची मान हलवली होती.

हप्ते थकले आणि पतपेढीच्या पत्रावरून हिलालभाऊंच्या पगारातून कपात सुरू झाली. लेक मोनालीचं नर्सिंग गेल्या वर्षी हुकलं. यंदाही पैसे जमले नाहीत तर कायमचं हुकणार होतं.

"मंग यास्ना पगार ह्या महिनामा पुरा येई ना?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

जितेंद्रनं पंख्याकडे पाहिलं. "तसं नही, अक्का. सुटका मन्ही व्हयनी. जामीनदार बांधेलच राहस."

प्रमिलाबाईंनी स्वतःला सावरलं. भाऊ आहे, रस्त्यावरचा कुणी नाही. "जाऊ दे. यास्ना पगारमातून जे कटस, ते तू आमले हळूहळू दे."

"वकील म्हने, ते बी माफ व्हयनं. दाजीस्नं मन्हावर काहीच देनं निंघत नही."

"म्हंजे तुले बठ्ठंच माफ?"

"बठ्ठं कसं? सरकारना जीएसटी माफ व्हत नही. अनि मोहिनीनी पोटगी. ती नही दिन्ही तं जेल. ती मी टायमावर भरस."

मोहिनी ही त्याची घटस्फोटित बायको. घर मोडणारी म्हणून प्रमिलाबाईंनी तिला गावभर बदनाम केलं होतं. पोरीनं माणूस बरोबर ओळखला होता आणि आपण सख्खी बहीण असून आंधळ्या राहिलो, या विचारानं त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. जिथे जेलची भीती, तिथे हा हरिश्चंद्र. जिथे नुसती माया, तिथे ठणठणाट.

"तुले हाई पहिलेच ठाऊक व्हतं?"

"वकीलनी सांगेल व्हतं." त्याचा आवाज बारीक झाला. "पन तुमले सांगतू, तं दाजी कोर्टमा आडवा येतात."

तेवढ्यात हिलालभाऊ ड्युटीवरून आले. कोर्टाचा निकाल लागल्याचं त्यांच्या कानावर वाटेतच आलं होतं. त्यांनी मेहुण्याला मिठीच मारली. कितीतरी महिन्यांनी ते असे तोंडभरून हसत होते.

"आते मोनालीनं अॅडमिशन पक्कं समज!" ते बायकोला म्हणाले.

जितेंद्र डोळ्यांनी विनवत होता. आत्ता नको, मी गेल्यावर सांग. आजवर त्यानं न मागताही प्रमिलाबाईंनी त्याला सांभाळून घेतलं होतं. नवऱ्याला जरा पाणी प्यायला देऊन मग सांगावं, असं त्यांच्याही मनात आलं. पण जीभ ऐकेना.

"हाऊ सुटना," भावाकडे बोट दाखवत त्या म्हणाल्या. "आपन नही. आपन कधीच सुटाव नही, अनि हाई याले सुरुवातपाशी ठाऊक व्हतं."