पिवळ्या दिव्याची खोली

थायलंडमधल्या खोन केनच्या विद्यापीठातल्या त्या खोलीत भर दुपारीही पिवळा मिणमिणता दिवाच लावायचा, असा पिम्पाचा कडक नियम होता. अ जीवनसत्त्वापासून शरीरात एक आम्ल तयार होतं. ते यकृतातली चरबी हटवतं का, हे ती उंदरांवर पाहत होती. पण ते आम्ल भारी नाजूक. पांढरा उजेड पडला की त्याची माती झालीच म्हणून समजा.

टेबलावर धाकट्या बहिणीचा, दुआनचा फोटो होता. दुआन चरबीनं सुजलेल्या यकृतापायी गेली. आयुष्यात दारूला शिवली नव्हती. तरी अंत्यविधीच्या जेवणावर ताव मारता मारता नातेवाईक कुजबुजलेच, चोरून पीत असणार. त्यांची तोंडं पिम्पाला पुराव्यानिशी बंद करायची होती.

पण त्या आम्लाचं औषध दिलेल्या उंदरांची यकृतंही तशीच फुगलेली निघत होती. त्यात हे दुसरंच. जेवून परत यावं तर खोलीत मोगऱ्याचा वास. आणि काल तर पांढरा दिवा लख्ख जळत होता. आपण तो लावलाच नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"दुआन, तू आहेस का गं?" तिनं हळूच विचारलं. उत्तर आलं नाही, याचंच तिला वाईट वाटलं.

आज ती अर्ध्या जेवणावरून उठली. दाराखालून पांढरा उजेड येत होता. तिनं दार ढकललं. आत आई बसली होती, कॅन्टीनमधली आपली पपईच्या सॅलडची गाडी सोडून आलेली. फोटोला मोगऱ्याची माळ, पुढ्यात सोललेलं रामबुतानचं फळ, आणि शेजारी औषधाच्या बाटल्या उजेडात उघड्या.

पिम्पाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळी मेहनत पाण्यात गेली होती. ती आईला नाही नाही ते बोलली.

आईनं ऐकून घेतलं. "माझी पोर पीत नव्हती, हे मला कुणी सिद्ध करून दाखवायला नको," ती म्हणाली. "लहानपणी दिवा गेला की ती कुणाला हाक मारायची? तुला. आणि तूच तिला अंधारात ठेवलंस."

पिम्पानं बिघडलेल्या बाटल्या एकेक करून बेसिनमध्ये ओतल्या.

दुसऱ्या दिवशी तिनं नव्या बाटल्या भरल्या, आईच्या गाडीवरच्या चंदेरी कागदात एकेक घट्ट गुंडाळली. आई गावी गेली होती, कालची माळ सुकली होती, तरी खोलीत ताज्या मोगऱ्याचा वास होता. जेवायला निघताना पिम्पानं पांढरा दिवा लावला.